विरजण

दुर्वा भोईटे सकाळी साडेपाचला उठायची, आणि ती उठली की खोलीतल्या प्रत्येक वस्तूची हजेरी व्हायची. मैथिलीची ओली छत्री दाराबाहेर जायची, चपला कॉटखाली जायच्या, पुस्तकं उंचीप्रमाणे लागायची. हे सगळं तिने मुकाट्याने केलं असतं तर मैथिलीने सोसलंही असतं. पण दुर्वाचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. टॉवेल असा वाळत घालतात का, आंघोळीला बावीस मिनिटं लागतात का, फोनवर एवढं हसण्यासारखं काय असतं. उत्तर दिलं तर भांडण, नाही दिलं तर "ऐकू येत नाही का?" असा पुढचा प्रश्न. स्वतःचं चुकलं, असं मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

लोणंदच्या पुढे माळावर दुग्धतंत्रज्ञानाचं ते महाविद्यालय होतं. २०४६ साली तिथल्या मुलींच्या वसतिगृहात एकशे ऐंशी जणी राहत होत्या. मैथिली गित्ते अंबाजोगाईची. इतक्या लांब यायचं कारण घरात तिच्या लग्नाचा विषय निघायला लागला होता. वडील नव्हते, आई अंगणवाडीत होती, आणि शिकायचं ते लग्न करूनही शिकता येतं असं आईचं ठाम मत होतं. मैथिलीने दोन वर्षं भांडून पदवीपर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली होती. त्यामुळे भांडण तिला नवं नव्हतं. पण घरी भांडून इथे यायचं आणि इथेही सकाळ-संध्याकाळ तेच करायचं, याने ती मेटाकुटीला आली.

ऑगस्टात ती वसतिगृहाच्या अधीक्षक मोहोळकर मॅडमकडे खोली बदलून मागायला गेली. मॅडम पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या, सगळ्या मुलींना 'बाळा' म्हणणाऱ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब, बाळा. बघ, आपोआप जमेल."

आणि खरंच जमलं. सप्टेंबर संपता संपता मैथिलीच्या लक्षात आलं की दुर्वाचा तिला त्रास होईनासा झाला आहे. दुर्वा तशीच होती, बोलणंही तसंच होतं, पण ते कानावर पडायचं आणि ओघळून जायचं. खिडकीजवळचं टेबल दुर्वाने मागितलं, मैथिलीने दिलं. तिच्या वर्गातली जुई म्हणाली, "त्याच टेबलासाठी तू जुलैत दोन दिवस जेवली नव्हतीस ना?" मैथिलीला आठवलं, पण तेव्हा एवढं काय वाटलं होतं ते काही केल्या आठवेना.

आईचा फोन आला. लातूरचं एक स्थळ आलं होतं, मंडळी जानेवारीत पाहायला येतो म्हणत होती. मैथिली "बरं" म्हणाली. आई समाधानाने म्हणाली, "आता कशी शहाण्यासारखी बोलतीस." फोन ठेवून मैथिली अभ्यासाला बसली. दोन वर्षं जे होऊ दिलं नाही ते आपण एका शब्दात होऊ दिलं, हे तिला कळलं होतं. पण टोचलं नव्हतं.

टोचलं ते नोव्हेंबरात, डॉ. तांबोळींच्या तासाला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे तांबोळी सर त्या दिवशी 'शमक'वर बोलत होते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांतले काही असे पदार्थ तयार करतात की त्यांचा निरोप पोटातून निघणाऱ्या एका लांब मज्जातंतूवाटे थेट मेंदूत पोचतो, हे जुनंच ज्ञान होतं. दहा वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी ताकातल्याच एका जिवाणूत दोन जनुकं बसवली. हा नवा जिवाणू, म्हणजे शमक, पोटात राहून मेंदूला दिवसभर एकच निरोप धाडत राहतो, की घाई नाही, धोका नाही. काळजीने पोखरलेल्या रुग्णांना त्याचा फार उपयोग झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच्या पुड्या मिळू लागल्या. परिणाम दिसायला तीन आठवडे लागतात आणि घेणं थांबवलं तर बारा-तेरा दिवसांत जिवाणू पोटातून निघून जातो.

"अडचण एकच," सर म्हणाले. "ही गोळी नाही, हे विरजण आहे. एक पुडी दुधात घातली की पुढे ते आपलं आपण वाढतं. कोणीही कोणालाही पाजू शकतं. म्हणून कायद्याने त्यात एक खूण घातली आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या तपासपट्टीवर अशा दह्या-ताकाचा थेंब टाकला की ती जांभळी होते. संमतीशिवाय शमक देणं हा गुन्हा आहे."

कोणीतरी विचारलं, घेणाऱ्याला कळतं का. सर म्हणाले, सहसा नाही. माणूस आनंदी होत नाही, झोपाळूही होत नाही, फक्त त्याचा हट्ट जातो. 'जाऊ दे' हे शब्द त्याच्या बोलण्यात वाढतात.

मैथिलीच्या हातातलं पेन थांबलं.

दुर्वाच्या घरी, फलटणजवळच्या गावात, अठरा म्हशी होत्या. तिने घरून विरजण आणलं होतं आणि चिनी मातीच्या सटात ती रोज दही लावायची. मेसमध्ये ती पोळीभाजीपुरती जायची, बाकी तिचं दही-भातावर चालायचं. आणि रोज दुपारी ती मैथिलीपुढे एक वाटी सरकवायची, जवळजवळ हुकूम सोडल्यासारखी. "खा." शिवाय महाविद्यालयातल्या विरजणकक्षात दुर्वा आठवड्यातून तीन दिवस काम करायची. तिथे पुड्यांची कपाटं होती.

त्या संध्याकाळी दुर्वा कपडे आणायला गच्चीवर गेली तेव्हा मैथिलीने तिचं कपाट उघडलं. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सटाच्या मागे स्टीलची एक छोटी डबी होती. झाकणावर कागद चिकटवलेला, आणि त्यावर दुर्वाच्या ठसठशीत अक्षरात एकच अक्षर होतं, 'मै'. आत दही होतं. म्हणजे आपलं दही वेगळं लावलं जात होतं.

तिने त्यातलं चमचाभर एका बाटलीत घेतलं आणि तारीख घालून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलं. लगेच पट्टी लावावी, असं तिला वाटलं. पण पट्ट्या सरांच्या सहीने मिळायच्या, आणि सर कारण विचारणार. आधी स्वतःवर खात्री करून घेऊ, असं तिने ठरवलं. एक वही केली. दिवसातून किती वेळा चीड आली ते त्यात लिहायचं. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. दुपारची वाटी ती दुर्वाची पाठ वळली की बेसिनमध्ये ओतायची, आणि धोका नको म्हणून आंबट दुधाचं सगळंच तिने सोडलं. ना दही, ना कढी, ना मेसमधलं ताक.

आठव्या दिवशी दोनदा चीड आली. बाराव्या दिवशी चौदा वेळा. तेराव्या दिवशी तिने आईला फोन करून लातूरच्या मंडळींना नाही कळवायला सांगितलं. आई रडली, मैथिलीही रडली, आणि डोळे पुसताना तिला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. तीन महिने आपल्या आत दुसरंच कोणीतरी राहत होतं, आणि ते आणून ठेवणारी समोरच्या कॉटवर बसून पाय दाबत होती.

ती तडक मोहोळकर मॅडमकडे गेली. वही दाखवली, डबीची हकिकत सांगितली. मॅडम ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "दही सोडलंस म्हणालीस. मेसमधलं ताकही सोडलंस का?"

"हो मॅडम, आंबट ते सगळंच."

त्यांचं पेन थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. "ताकाला हरकत नाही, बाळा. पोटाला चांगलं असतं ते." तक्रार गंभीर आहे, नमुना पुण्याला पाठवावा लागेल, वेळ लागेल, तोवर दुर्वाला पाहुण्यांच्या खोलीत हलवते, असं त्या म्हणाल्या. मैथिलीला वाटलं होतं की आपल्याला पटवून द्यावं लागेल. इतक्या झटपट सगळं झालं याचं तिला जरा नवल वाटलं.

दुर्वाने पुस्तकं उंचीप्रमाणे लावून सामान भरलं. दारात मात्र थांबली. "मला विचारता येत नव्हतं का?" तिने विचारलं. मैथिलीने मान फिरवली.

खोली आता तिची एकटीची होती. छत्री हवी तिथे राहू लागली. मैथिली मेसमध्ये दोन्ही वेळ पोटभर जेवू लागली, ताकाचे पेले रिचवू लागली. सवयीने वही मात्र लिहीत राहिली. पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा-बारा, मग सात, मग तीन. तिने त्याचा अर्थ असा लावला की चिडायला आता माणूसच उरलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुर्वाची चौकशी ठेवली होती. दोष ठरला तर नाव कमी होणार होतं. पुण्याचा अहवाल आला नव्हता, पण मॅडमचं म्हणणं होतं की परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा आहे. त्या दुपारी मैथिली प्राचार्यांच्या कार्यालयावरून जात होती. बाहेरच्या बाकावर दुर्वाचे वडील बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात असे घट्ट की नखं पांढरी पडली होती. शेजारी दुर्वा. तिचे डोळे सुजले होते.

मैथिलीने दोघांकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. विजय, दया, धास्ती, काहीही. आत फक्त एक गुळगुळीत शांतता होती. आणि मग आठवलं की चार दिवसांपूर्वी आईने लातूरच्या मंडळींचा विषय पुन्हा काढला होता, आणि आपण म्हणालो होतो, "बरं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि वही उघडली. गेले सहा दिवस शून्य. दुर्वा गेल्याला महिना झाला होता. तिच्या दह्याचा थेंबही पोटात गेला नव्हता. मग हे शून्य कोणाचं?

दहा मिनिटांत ती प्रयोगशाळेत होती. वाटेत मेसच्या पिंपातलं ताक तिने बाटलीत भरून घेतलं होतं. तांबोळी सरांना तिने सगळं सांगितलं. सरांनी फ्रिजमधली नोव्हेंबरची बाटली काढली, दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या, दोन थेंब टाकले. पाच मिनिटं दोघं उभे राहिले. दुर्वाच्या दह्याची पट्टी पांढरी होती ती पांढरीच राहिली. मेसच्या ताकाची कडेपासून जांभळी होत गेली.

सरांनी पट्टी उचलून उजेडात धरली. "मीही दुपारी तेच पितो," ते म्हणाले. मग खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मला आता राग यायला हवा ना?"

"हो सर."

"येत नाहीये." त्यांनी कागदावर निकाल लिहिला, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

कार्यालयापर्यंतचं अंतर दीडशे पावलांचं असेल. मैथिलीला ते आयुष्यभर आठवणार होतं. प्रत्येक पावलाला मन सांगत होतं, जाऊ दे. ताक काही विष नाही. दुर्वाला दुसरीकडे प्रवेश मिळेल. आता बोललीस तर उगाच गोंधळ होईल. सगळं इतकं समजूतदार होतं की त्याच्याशी वाद घालायला काही सापडेना. एरवी रागाने माणसाला ढकललं असतं. तिला ढकलायला आज काहीच नव्हतं. तिने फक्त हातातल्या दोन पट्ट्यांकडे पाहिलं आणि स्वतःला बजावलं, की आत्ता जे बोलतंय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पाय उचलायचे. मग तिने दार ढकललं.

आत प्राचार्य, मोहोळकर मॅडम, दुर्वा आणि तिचे वडील होते. मैथिलीने पट्ट्या आणि कागद टेबलावर ठेवले आणि सपाट आवाजात सांगितलं की तिची तक्रार चुकीची होती. शमक मेसच्या ताकात आहे. प्राचार्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "अरेरे. हे बघायला हवं." जणू कुठला नळ गळत होता. त्यांचं जेवणही मेसमधूनच यायचं.

"त्या डबीवर माझं अक्षर का होतं?" मैथिलीने दुर्वाला विचारलं.

"तुला आंबट सोसत नाही," दुर्वा म्हणाली. "पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं केलंस तेव्हापासून तुझं वेगळं लावते. कमी आंबवते." मग ती मॅडमकडे वळली. "मी ऑगस्टच्या अखेरीपासून सांगतेय, मेसच्या ताकाचा वास बरोबर नाही, नेहमीच्या विरजणाचा नाही. तुम्ही माझ्या नावापुढे भांडखोर म्हणून शेरा मारलात."

शमक आपणच घातलं, हे मॅडमनी नाकारलं नाही. मागल्या वर्षी या इमारतीतल्या एका मुलीला त्यांनी स्वतः रुग्णवाहिकेत बसवलं होतं, खोलीतल्या भांडणांना कंटाळून तिने नको ते केलं होतं, आणि ती वाचली ती केवळ नशिबाने. "या वर्षी अशी वेळ एकदाही आली नाही," त्या म्हणाल्या. "एकशे ऐंशी आयांना मी काय सांगितलं असतं?"

खोलीतल्या निम्म्या माणसांना बोलावंसंच वाटत नव्हतं. मग दुर्वाचे वडील उठले. "माझ्या पोरीला महिनाभर चोरासारखं बसवलंत," ते म्हणाले. "आणि तुम्ही नुसत्या माना हलवताय?" त्यांनी तो कागद उचलला, पिशवीत घातला, मुलीला बरोबर घेतलं आणि सरळ पोलीस ठाणं गाठलं.

ताक बंद झालं. मोहोळकर मॅडम निलंबित झाल्या. बारा दिवसांनी वसतिगृह जणू झोपेतून उठलं. न्हाणीघरापुढे रांगेवरून भांडणं, जिन्यात रडणं, दोन मुली सामान घेऊन घरी गेल्या. तांबोळी सर तासाला आले आणि पुस्तक मिटून पंधरा मिनिटं नुसते संतापाने बोलत राहिले. मैथिलीने आईला लातूरसाठी दुसऱ्यांदा नाही सांगितलं. आणि दुर्वाला पहिल्यांदा भेटून माफी मागितली. दुर्वाने ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिने दुसऱ्या मजल्यावर दोन कॉटांची एक खोली घेतली होती, एकटीसाठी.

मार्चमध्ये नवीन अधीक्षकांनी एक फॉर्म वाटला. ज्या मुलींना हवं असेल त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लेखी संमतीने, वेगळ्या पिंपातून शमकचं ताक मिळेल. मैथिलीला वाटलं होतं की फॉर्म फाडले जातील. एकशे एकतीस जणींनी सह्या केल्या. जुईनेही केली. "मला तेव्हा झोप लागायची गं," ती म्हणाली.

आईपर्यंत बातमी पोचलीच होती. "ते ताक परत सुरू झालंय म्हणे," आई म्हणाली. "घे की गं तूही. किती छान बोलायचीस."

मैथिलीने फॉर्म कोरा परत केला. पण त्यानंतर तिला नवंच दुखणं जडलं. कोणी हसून बोललं, जागा करून दिली, चूक पोटात घातली, की तिला वाटायचं, हे हिचं की पिंपातलं? जुईबरोबर जेवतानासुद्धा ती जुईच्या पेल्याकडे पाहायची. अख्ख्या वसतिगृहात एकच जण अशी होती की जिच्या बोलण्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

एका रविवारी सकाळी ती दुसऱ्या मजल्यावर गेली आणि तिने दुर्वाचं दार वाजवलं. दुसरी कॉट रिकामी आहे, मला इथे राहायचंय, असं तिने सांगितलं. दुर्वा चौकटीत हात ठेवून उभी राहिली.

"सही केलीस?" तिने विचारलं.

"नाही."

"कशावरून?"

"फॉर्म कोरा दिला. अधीक्षकांना विचार."

"त्या सगळ्यांना चांगलंच सांगतात. तू आत्ता इतक्या गोड आवाजात बोलतेस, मी काय समजू?"

मैथिलीच्या कानशिलांत काहीतरी तापलं. "काय समजायचं ते समज," ती म्हणाली, आणि आवाज चढलाय हे तिला कळलं तरी तो उतरेना. "दोन महिने जिन्यात समोर आलीस की भिंतीकडे बघतेस. चुकले म्हणून तीनदा येऊन सांगितलं. एकदा चिठ्ठी टाकली, तीही तू न वाचता परत सरकवलीस. माफ करायचं नसेल तर नको करूस, तुझा हक्क आहे तो. पण मी खोटं बोलते असं म्हणशील तर ते मी ऐकून घेणार नाही. तुझ्याकडून तर नाहीच."

समोरच्या दोन खोल्यांची दारं उघडली. कोणीतरी डोकावलं. मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिला पुढे आणखी बरंच बोलायचं होतं.

दुर्वाने तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग चौकटीवरचा हात काढला.

"गाद्या जड आहेत," ती म्हणाली. "थांब, मी येते खाली."